खोऱ्यातली एसटी : भोर-वेल्ह्याच्या घटत्या फेऱ्यांमागचा इतिहास

१/ भोर संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर धावली. या दोन घटनांत तीन महिन्यांचेही अंतर नाही. राजाचे राज्य गेले आणि लोकांच्या राज्याची गाडी आली, असे भोर-वेल्ह्याच्या बाबतीत जवळजवळ शब्दशः म्हणता येते. आज या दोन तालुक्यांत गावोगावच्या फेऱ्या कमी होत आहेत. त्याने नेमके काय कमी होते, हे इतिहासाच्या अंगाने पाहण्यासाठी हा धागा.

२/ आरंभ भूगोलापासून करावा लागतो. या प्रदेशाचे मूळ एकक गाव नसून खोरे आहे. शिवकाळातील कारभारही खोऱ्यांनुसारच चाले. रोहिड खोऱ्यात जेधे आणि खोपडे, हिरडस मावळात बांदल, गुंजण मावळात शिळीमकर, कानद खोऱ्यात मरळ, मोसे खोऱ्यात पासलकर अशी देशमुखांची वतने होती. दोन डोंगररांगांमध्ये एक नदी, तिच्या काठाने गावे आणि बाहेर पडायला बहुधा एकच वाट. शत्रूला अडवण्यासाठी ही रचना उत्तम होती. वाहतुकीसाठी मात्र तीच अडचणीची ठरली.

३/ पंतसचिवांच्या भोर संस्थानाने याच भूगोलावर आपले तालुके आखले. विचित्रगड, प्रचंडगड, राजगड, पवनमावळ आणि सुधागड ही त्यांची नावे. पाचांपैकी चार थेट किल्ल्यांवरून घेतलेली. प्रचंडगड म्हणजे तोरणा, विचित्रगड म्हणजे रोहिडा. वेल्हे तालुक्याला अलीकडे ‘राजगड’ हे नाव मिळाले. त्या नावाचा तालुका संस्थानी काळात होताच. राजधानी भोर असल्याने बाजार, न्याय, शाळा, दवाखाना या सर्वांसाठी खोऱ्यांची तोंडे भोरकडे वळलेली होती. प्रवास मात्र पायी किंवा बैलगाडीने.

४/ विसाव्या शतकात या भूगोलात धरणांची भर पडली. वेळवंडी नदीवर भाटघरचे लॉइड धरण १९२८मध्ये उभे राहिले. पुढे पानशेत, वरसगाव, नीरा देवघर, गुंजवणी ही धरणे झाली. जलाशयाने नदीकाठची सपाट जमीन घेतली आणि जुन्या वाटाही घेतल्या. समोरच्या काठावरचे गाव डोळ्यांना दिसते. रस्त्याने तेथे पोहोचायचे तर पाण्याला वळसा घालावा लागतो. पानशेतच्या वरच्या अंगाची गावे वेल्हे तालुक्यातील असली तरी त्यांचा सोयीचा रस्ता खडकवासल्याकडे उतरतो. तहसील एका दिशेला आणि रस्ता दुसऱ्या, अशी ही स्थिती आहे.

५/ आता एसटीकडे वळू. स्वातंत्र्यापूर्वी प्रवासी मोटारी खाजगी मालकांच्या होत्या. गाडी भरली की सुटायची आणि जेथे उतारू भरपूर तेथेच जायची. मुंबई सरकारने प्रवासी वाहतूक आपल्याकडे घेतली, ती ही मनमानी मोडण्यासाठी. महाराष्ट्राच्या स्थापनेनंतर, १९६१मध्ये, विदर्भ आणि मराठवाड्याच्या सेवांसह आजचे राज्य परिवहन महामंडळ आकाराला आले. टप्पा वाहतुकीची मक्तेदारी त्याला मिळाली. त्या मक्तेदारीच्या बदल्यात महामंडळाने एक वचन दिले होते : जेथे रस्ता, तेथे एसटी.

६/ हे वचन कायद्यात कितपत उतरले? १९५०च्या मार्ग परिवहन महामंडळ अधिनियमातील दोन कलमे शेजारी ठेवून वाचावीत. कलम १८ म्हणते की महामंडळाने कार्यक्षम, पुरेशी, किफायतशीर आणि सुसूत्र सेवा द्यावी. कलम २२ म्हणते की महामंडळाने व्यापारी तत्त्वांनुसार चालावे. ‘पुरेशी’ आणि ‘व्यापारी’ या दोन शब्दांतील ताण तेव्हापासून आजवर सुटलेला नाही. शहरांना जोडणाऱ्या मार्गांवर तो जाणवत नाही. खोऱ्याच्या टोकाच्या गावी पोहोचल्यावर तो उघडा पडतो.

७/ खेड्याच्या दृष्टीने एसटीचे वेगळेपण काय होते? तलाठी, तहसील, न्यायालय, सरकारी दवाखाना या सर्वांकडे माणसाला चालत जावे लागे. एसटी मात्र स्वतः गावात येई, ठरल्या वेळी येई आणि तिकीट काढणाऱ्या कोणालाही बसू देई. बाकावर कोण कोणाशेजारी बसणार हे जातीने ठरत नव्हते. गावगाड्यात ही गोष्ट लहान नव्हती. एकट्या स्त्रीने तालुक्याला जाणे घरच्यांना मान्य होऊ लागले, त्यामागेही गणवेशातला कंडक्टर आणि ठरलेले वेळापत्रक यांचा विश्वास होता.

८/ या व्यवस्थेचा सर्वांत सुंदर भाग म्हणजे मुक्कामी गाडी. संध्याकाळी शेवटची फेरी घेऊन आलेली गाडी गावातच थांबे. चालक-वाहक गाडीत, देवळात किंवा ग्रामपंचायतीच्या खोलीत झोपत. जेवणाची सोय पुष्कळदा गावातलेच कोणी करी. पहाटे तीच गाडी विद्यार्थी, दूधवाले, बाजारकरी आणि रुग्ण यांना घेऊन निघे. रात्री अपरात्री कोणाला बाळंतवेणा सुरू झाल्या, कोणाला विंचू-साप चावला, तर गावात एक वाहन आणि ते चालवणारा माणूस हजर आहे, एवढाच आधारही मोठा होता.

९/ गाडीबरोबर माणसांशिवायही बरेच काही जाई. टपालाच्या थैल्या, वर्तमानपत्रांचे गठ्ठे, औषधांची पुडी, पुण्यात शिकणाऱ्या मुलासाठी आईने बांधून दिलेला डबा, आणि ‘अमक्याला एवढे सांगा’ असा तोंडी निरोप. यातील फार थोडे महामंडळाच्या उत्पन्नाच्या खात्यात दिसले असेल. म्हणूनच फेरी बंद करताना यातील फार थोड्याचा विचार झाला.

१०/ एखादी फेरी बंद कशी होते? क्वचितच एखाद्या आदेशाने. आगाराच्या कागदावर दोन आकडे महत्त्वाचे असतात : भारमान, म्हणजे एकूण आसनांपैकी किती भरली, आणि प्रतिकिलोमीटर उत्पन्न. आकडे घसरले की आधी दुपारची फेरी जाते. मग गाडी नादुरुस्त आहे किंवा चालक नाही म्हणून अधूनमधून सकाळची चुकते. आषाढी, गणपती, लग्नसराई आली की जादा गाड्यांसाठी ग्रामीण फेऱ्यांतील गाड्या ओढल्या जातात. गाडीचा भरवसा उरत नाही तसे प्रवासी दुसरी सोय पाहतात. भारमान आणखी घसरते. शेवटी फेरी ‘प्रतिसादाअभावी’ बंद होते.

११/ खोऱ्यातील फेरीचे गणित मुळातच लंगडे असते. सकाळी गाडी खाली उतरताना भरलेली आणि वर जाताना रिकामी. संध्याकाळी नेमके उलट. रस्ता डोंगराशी संपतो, त्यामुळे पुढच्या गावाचे उतारू मिळत नाहीत. भोरहून महाडला उतरणारा वरंध घाट हा मोठा अपवाद. पावसाळ्यात दरडींमुळे तोही वारंवार बंद ठेवावा लागतो. त्यात वेल्ह्याला स्वतःचे आगार लाभले नाही. आगारापासून दूरच्या टोकाला गाडी ठेवायची तर मुक्काम हवा, नाहीतर पहाटे रिकामी गाडी धाडावी लागते. शंभर टक्के कार्यक्षम व्यवस्थापकालाही ही फेरी नफ्यात आणता येणार नाही.

१२/ २०११च्या जनगणनेनुसार वेल्हे तालुक्याची लोकसंख्या सुमारे ५४ हजार, भोरची सुमारे १ लाख ८६ हजार. संपूर्ण वेल्ह्याची माणसे पुण्यातल्या एखाद्या मोठ्या उपनगरात सामावतील. मतांच्या आणि तिकिटांच्या दोन्ही हिशोबांत हा प्रदेश हलका भरतो.

१३/ येथे ब्रिटनमधील एक उदाहरण उपयोगी पडते. १९६३मध्ये रिचर्ड बीचिंग यांच्या अहवालाने तोट्यातील रेल्वेमार्ग आणि २,३६३ स्थानके बंद करण्याची शिफारस केली. प्रत्येक फाट्याचे उत्पन्न स्वतंत्र मोजले गेले होते. पण फाट्यावर चढणारा प्रवासी पुढे मुख्य मार्गावरही प्रवास करीत असे. फाटा तोडल्यावर तो रेल्वेकडे न येता मोटारीकडे गेला, आणि अपेक्षित बचत हाती आली नाही. भोरच्या पश्चिमेकडील एखाद्या गावातून निघालेला उतारू भोरला गाडी बदलून स्वारगेटला जातो, तेव्हा त्याचे मोठे तिकीट भोर-स्वारगेट मार्गाच्या नावे जमा होते. गावच्या फेरीच्या नावे राहतात ते थोडे पैसे, आणि तोटा.

१४/ तोट्याचे सारे खापर फेऱ्यांवर फोडणेही इतिहासाला धरून नाही. एसटीच्या तिकिटावर राज्य सरकारचा १७.५ टक्के प्रवासी कर दीर्घकाळ राहिला. सवलती सरकारने जाहीर करायच्या आणि त्यांच्या प्रतिपूर्तीची वाट महामंडळाने पाहायची, हा क्रम नेहमीचा. या ओढाताणीचा भार चालक-वाहकांच्या वेतनावर पडला.

१५/ मग दोन आघात लागोपाठ आले. मार्च २०२०मध्ये टाळेबंदीने गाड्या थांबल्या. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीचे वर्ग पुन्हा भरू लागले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण व्हावे, ही मुख्य मागणी होती. एप्रिल २०२२मध्ये उच्च न्यायालयाने २२ तारखेपर्यंत कामावर रुजू होण्यास सांगितले आणि संप संपला. शाळा उघडल्या पण शाळेला जायला गाडी नाही, अशी ती सहा महिने लांबलेली अवस्था. महासाथीपूर्वी सुमारे १८ हजारांचा असलेला ताफा नंतर १६ हजारांच्याही खाली आला. आधी शहरांदरम्यानचे मार्ग पूर्ववत झाले. खोऱ्यांचा क्रम शेवटी लागला.

१६/ या काळात पुण्याच्या पीएमपीएमएलने ग्रामीण भागात गाड्या चालवल्या. संपानंतर एसटीने त्या मार्गांवर पुन्हा आपला हक्क सांगितला, आणि नोव्हेंबर २०२२मध्ये पीएमपीएमएलने ४० ग्रामीण मार्ग टप्प्याटप्प्याने थांबवण्याचे ठरवले. कात्रज-विंझर हा वेल्ह्याकडे जाणारा मार्ग त्यांतलाच. कागदावर निर्णय तर्कशुद्ध होता. पीएमपीएमएलची तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ६०:४० प्रमाणात भरतात. मग विंझरच्या प्रवाशाचा भार पुणेकर करदात्याने का उचलावा? आणि मार्ग एसटीचा असेल, तर दुसऱ्या संस्थेने तेथे का यावे?

१७/ पण ‘मार्ग एसटीचा’ या शब्दांचा अर्थ काय? मक्तेदारी म्हणजे इतरांना अडवण्याचा अधिकार, तसेच स्वतः धावण्याचे बंधनही. अधिकार टिकला आणि बंधन सैल झाले. मधली पोकळी वडापने भरली. नसरापूर, चेलाडी फाटा, कापूरहोळ येथून सुटणाऱ्या जीपगाड्यांना दोष देणे सोपे आहे. त्या नसत्या तर कित्येक गावांचा बाजार बुडाला असता. मात्र जीप भरल्याशिवाय सुटत नाही, सवलतीचा पास चालवत नाही आणि रात्री गावात थांबत नाही. १९४८पूर्वीच्या खाजगी मोटारीचेच हे वर्णन आहे.

१८/ आता सवलतींकडे पाहा. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेखाली मोफत पास आहे. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२पासून मोफत प्रवास आहे. १७ मार्च २०२३पासून सर्व महिलांना निम्मे तिकीट आहे. या योजना चांगल्याच आहेत, आणि त्यांनी गाड्यांची गर्दीही वाढवली. पण सवलत तिकिटावर असते, फेरीवर नसते. ज्या गावी सकाळची गाडी येत नाही, तेथील मुलीच्या दप्तरातला मोफत पास हा केवळ कागद आहे. दहावीनंतर पुढचे शिक्षण तालुक्याच्या गावी. जीपचे रोजचे भाडे परवडत नाही आणि एकटीने फाट्यापर्यंत चालत पाठवायला घर धजावत नाही. मग शिक्षण थांबते. शाळेच्या दप्तरी त्याची नोंद गळती अशी होते. बंद झालेल्या फेरीशी तिचा संबंध कोणी जोडत नाही.

१९/ गाव रिकामे होण्याची प्रक्रियाही याच साखळीतली आहे. मुलांच्या शाळेसाठी आई पुण्यात भाड्याच्या खोलीत जाते, वडील कामासाठी आधीच गेलेले असतात, मागे म्हातारी माणसे राहतात. दवाखान्याची गरज त्यांनाच सर्वाधिक, आणि दुचाकी चालवता येत नाही तीही त्यांनाच. पुढच्या वर्षी भारमान मोजले जाते, तेव्हा गावात प्रवासीच उरलेले नसतात.

२०/ एक तुलना करावीशी वाटते. भाटघर आणि नीरा देवघरचे पाणी कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणच्या शेतांकडे जाते. पानशेत आणि वरसगावचे पाणी पुण्याच्या नळांना येते. या पाण्यासाठी याच खोऱ्यांतील गावे बुडाली, वाटा बुडाल्या. ते पाणी खाली सोडताना खोऱ्याला प्रतिकिलोमीटर उत्पन्न कोणी विचारत नाही. व्यापक हित म्हणून ते दिले जाते आणि ते योग्यच आहे. मग वर जाणाऱ्या गाडीचा हिशोब मात्र एका फेरीच्या तिकिटांत का मांडला जावा? या गाड्यांचा तोटा म्हणजे प्रदेशाचे देणे आहे, आणि ते राज्याच्या अर्थसंकल्पात उघडपणे मांडले पाहिजे. आगारप्रमुखाच्या माथी ते मारण्यात अर्थ नाही.

२१/ शेवटी इतिहासाच्या विद्यार्थ्याची एक विनंती. किल्ल्यांच्या सनदा जपल्या गेल्या, वतनांचे महजर छापले गेले. एसटीची जुनी वेळापत्रके मात्र कोणी जपली नाहीत. स्थानकाच्या भिंतीवर नवा रंग चढला की कोणत्या गावाला कधीपासून गाडी होती याचा पुरावा पुसला जातो. आपल्या घरी जुनी तिकिटे, पास, फलकाची छायाचित्रे, ग्रामपंचायतीने गाडीसाठी केलेल्या अर्जांच्या प्रती असतील तर टाकू नका. आपल्या खोऱ्यात मुक्कामी गाडी कोणत्या गावी थांबत असे आणि ती कोणत्या वर्षी बंद झाली, एवढे जरी खाली लिहिले तरी या भागाच्या इतिहासातील एक नोंद वाचेल. पुढे फेरीची मागणी करताना ग्रामसभेलाही ती उपयोगी पडेल.