एप्रिलची कात्री

द्राक्षवेल मूळची थंडीच्या मुलखातली. तिकडे हिवाळ्यात तिची पानं झडतात, ती निजते, त्या निजेतच वर्षाची एकमेव छाटणी उरकते आणि वसंतात डोळे फुटतात. दख्खनमध्ये तसा हिवाळाच नाही. इथली वेल बारा महिने हिरवी राहते आणि छाटावी तेव्हा फुटते. दौलताबादची द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा फळतात, ही नोंद चौदाव्या शतकात इब्न बतूताने करून ठेवली आहे. एक बहार उन्हाळ्याच्या तोंडावर गोड उतरायचा, दुसरा भर पावसात आंबट, पाणचट आणि सडका. पुढे बागाइतदारांनी पावसाळी बहाराचा नाद सोडला, पण त्याची छाटणी मात्र सोडली नाही. पीक घ्यायचं नसतानाही एप्रिलमध्ये वेल ओलांड्यापर्यंत, म्हणजे मांडवावरच्या आडव्या फांदीपर्यंत, बोडकी करायची, ही खरड छाटणी. मग ऑक्टोबरमध्ये त्या उन्हाळ्यात वाढलेल्या काड्या छाटून घड काढायचे, ही फळछाटणी. बाजारभाव, पाऊस, औषधं यांची सगळी चर्चा ऑक्टोबरभोवती फिरते. माझ्या मते सांगली जिल्ह्यातला द्राक्षधंदा उभा राहिला तो एप्रिलच्या कात्रीवर, आणि जतसारख्या तालुक्याची सर्वांत मोठी अडचणही तीच कात्री आहे.

याचं कारण डोळ्याच्या आत दडलेलं आहे. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर जो घड बाहेर पडतो, तो त्या महिन्यात तयार होत नाही. खरड छाटणीनंतर साधारण 40 ते 60 दिवसांनी, नव्या काडीवरच्या डोळ्यांत सूक्ष्म घडनिर्मिती होते. तिला लख्ख ऊन लागतं. आभाळ भरलेलं राहिलं तर घडाऐवजी नुसती बाळी, म्हणजे आधाराला गुंडाळणारा तंतू, येते. जुन्या भोकरीसारख्या जातीला याची फारशी फिकीर नव्हती, तिच्या काडीच्या बुडाकडचे डोळेही फळायचे. बिनबियांची थॉमसन आली आणि हिशेब बदलला, कारण तिचे फळते डोळे काडीवर वरच्या अंगाला असतात. तासगाव तालुक्यातल्या बोरगावात वसंतराव आर्वे यांच्या बागेत थॉमसनमधूनच ‘तास-ए-गणेश’ निवडली गेली, पण स्वभाव आईचाच. म्हणून शेंडा मारून सबकेन म्हणजे उपकाडी काढणं, सीसीसी फवारून वाढ रोखणं, काड्यांची विरळणी करून ऊन आत घेणं, हे सारे एप्रिल-मेचे उद्योग रूढ झाले. बागेतलं सर्वांत नाजूक काम अशा रीतीने त्या हंगामात जाऊन बसलं, ज्यात वेलीवर विकण्याजोगं काहीच नसतं.

जतचा पेच इथे सुरू होतो. 1948 मध्ये विलीन होईपर्यंत डफळ्यांचं संस्थान असलेला हा तालुका पर्जन्यछायेत आहे आणि कृष्णाकाठापासून लांब. इथला भरवसा बराचसा परतीच्या पावसावर, तोही लहरी. विहिरी तळाला जातात नेमक्या एप्रिल-मेमध्ये, आणि तेव्हाच बोडक्या वेलीला नवी पालवी पोसायची असते. छाटणी जूनपर्यंत लांबवावी तर घडनिर्मिती ढगाळ दिवसांत सापडते. ठिबक, शेततळी, बोदावर पाचटाचं आच्छादन, क्षार आणि ताण सोसणारा डॉगरिज खुंट आणि शेवटी विकतचे टँकर, या सगळ्यांचा रोख त्या दोन महिन्यांकडेच आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये जतच्या चाळीस गावांवर कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी दावा सांगितला, त्यामागेही या गावांनी पाण्यासाठी केलेले जुने ठराव होते. भाषेचा मुद्दा नंतरचा.

यावर दोन हरकती येतील. पहिली अशी की हायड्रोजन सायनामाइड लावलं की डोळे हवे तेव्हा फुटतात, मग एप्रिलचं एवढं महत्त्व कशाला? पण ते रसायन डोळा फोडतं, डोळ्यात घड घालत नाही. वांझ काडी एकसारखी फुटली म्हणून तिला माल लागत नाही. दुसरी हरकत अधिक वजनदार आहे: नुकसान तर ऑक्टोबर-नोव्हेंबरातच दिसतं. 2019 च्या अवकाळीत आगाप छाटलेल्या बागा डाऊनी रोगाने आणि कुजीने गेल्या, हे खरंच आहे. मात्र ऑक्टोबरच्या जोखमीला पळवाट असते. छाटणी पुढे-मागे करता येते, प्लॉट पाडून टप्प्याटप्प्याने घेता येते, फवारणी वाढवता येते. मे महिन्यात डोळ्यात घड धरलाच नसेल तर पुढे कसलाच इलाज नाही, आणि ते नुकसान कोणत्याही पंचनाम्यात येत नाही. एप्रिलच्या छाटणीवरही पीक का घेऊ नये, बंगळूरकडे बेंगलोर ब्लू वर्षाला दोन पिकं देते, असा दाखलाही काही जण देतात. ती चिवट संकरित जात आहे. थॉमसनच्या कुळाला ते झेपत नाही.

या वेळापत्रकाचा एक फायदा मात्र पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्याच्या पदरात पडला. ऑक्टोबरची छाटणी फेब्रुवारी-मार्चमध्ये पिकते आणि तेव्हा जत, कवठेमहांकाळ, जुनोणीकडची हवा खडखडीत असते. इथाइल ओलिएट आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवलेली द्राक्षं शेडमधल्या जाळ्यांवर पंधरवड्यात बेदाणा होतात. पाऊस नसणं हेच इथलं भांडवल ठरलं. सांगलीच्या बेदाण्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण बेदाणा उतरतो न उतरतो तोच पुढच्या खरड छाटणीसाठी पाणी शोधायची वेळ आलेली असते. म्हणून कृष्णेचं पाणी उचलून देणाऱ्या म्हैसाळ योजनेचं उन्हाळी आवर्तन ठरवणाऱ्यांनी उसाच्या पाळीबरोबर जतच्या खरड छाटणीच्या तारखाही समोर ठेवाव्यात.