घरचा पत्ता कोणासाठी? उल्हासनगरच्या बराकी आणि कंपनी कायदा #थ्रेड

उल्हासनगरातील जुन्या घराचा पत्ता रस्त्याच्या नावाने सांगत नाहीत. कॅम्प क्रमांक, बराक क्रमांक, खोली क्रमांक; एवढ्यावर टपाल पोहोचते. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैन्यासाठी उभारलेल्या तळाच्या या बराकी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्यांत आसरा मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली.

कराची, शिकारपूर, हैदराबाद येथील घरेदारे मागे टाकून आलेल्यांना सरकारी दप्तरातला हा नवा पत्ता मोलाचा होता. माणूस आहे, इथे आहे, याचा तो पुरावा.

पुढे याच वस्तीत धंदे उभे राहिले. पुढच्या खोलीत दुकान वा कारखाना, मागे किंवा वर संसार. त्यांतल्या काहींच्या ‘प्रायव्हेट लिमिटेड’ कंपन्या झाल्या. कायद्याला कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय लागते आणि संचालकाचा राहता पत्ताही लागतो. अशा घरात दोन्ही एकच.

हा पत्ता मागण्याची रीत कुठून आली?

इंग्लंडमध्ये १८४० च्या सुमारास भव्य कचेऱ्या थाटून विमा विकणाऱ्या बनावट कंपन्यांनी अनेकांना बुडवले होते. संसदेच्या चौकशीनंतर ग्लॅडस्टनच्या पुढाकाराने १८४४ चा कायदा झाला. कंपनीमागे कोण आहे, तो कुठे राहतो, याची नोंद सरकारी निबंधकाकडे व्हावी आणि शुल्क भरून ती कोणालाही पाहता यावी, हे त्याचे सूत्र. १८५५ मध्ये मर्यादित दायित्व आले, म्हणजे कंपनी बुडाली तरी भागधारकाचे नुकसान भागाच्या रकमेपुरतेच. सवलत मोठी होती. तिच्या बदल्यात नावगाव उघड ठेवणे ही रास्त किंमत मानली गेली.

भारतात मर्यादित दायित्व १८५७ मध्ये आले, आणि मुंबईने त्याचे काय केले हे सर्वश्रुत आहे. अमेरिकेतील यादवीमुळे कापसाचा भाव चढला, बॅकबे भरावाच्या शेअरांनी शहराला वेड लावले, आणि १ जुलै १८६५ रोजी सारे कोसळले. प्रेमचंद रायचंदांसारखा सम्राटही त्यात सापडला. पुढच्याच वर्षी नवा, विस्तृत कंपनी कायदा झाला. बुडालेल्या पैशांसाठी दार ठोठावायचे तर दार कुठले, हा प्रश्न तेव्हा पुस्तकी नव्हता.

१९१३ च्या कायद्याने संचालकांची नावे, पत्ते व व्यवसाय यांची वही सक्तीची केली. १९५६ च्या कायद्यातील कलम ३०३ याहून बारकाईने विचारत असे: पूर्ण नाव, पूर्वीचे नाव, वडिलांचे (विवाहितेच्या बाबतीत पतीचे) नाव, नेहमीचा राहता पत्ता. ही वही तेव्हा भागधारकाला फुकट, इतरांना एक रुपयात पाहता येई.

एक रुपया! पण खरी किंमत रुपयाची नव्हतीच. वही कंपनीच्या कचेरीत, आणि तिची प्रत निबंधकाकडे, मुंबईत. कागदी काळात बदलापूरच्या एखाद्या पुरवठादाराला थकलेल्या बिलासाठी संचालकाचा पत्ता हवा असेल, तर लोकल पकडून मरीन ड्राइव्हवरच्या ‘एव्हरेस्ट’ इमारतीपर्यंत जायचे, अर्ज करायचा, फाइल येईपर्यंत थांबायचे. ज्याचे पैसे अडकले तो एवढे सोसे. नुसत्या कुतूहलाने किंवा आकसाने हा खटाटोप करणारे विरळा. ही तसदी कोणत्याही कलमात लिहिलेली नव्हती. तरी पहारा तिनेच दिला.

२००६ मध्ये ‘एमसीए २१’ पोर्टल आले आणि तो पहारा उठला. शुल्क भरले की कंपनीची कागदपत्रे घरबसल्या पडद्यावर येऊ लागली. स्थापनेच्या वेळच्या नियमपत्रात (म्हणजे मेमोरँडममध्ये) सह्या करणाऱ्यांचे पत्ते असतात, आणि लहान कंपनीत तेच पहिले संचालक. खासगी संकेतस्थळांनी ही माहिती उचलून पुन्हा मांडली. मूळ नोंदीत पत्ता बदलला तरी अशा ठिकाणचा जुना पत्ता आपोआप पुसला जात नाही.

अंबरनाथच्या एमआयडीसीतील कारखानदाराला कार्यालय म्हणून निदान भूखंड क्रमांक तरी दाखवता येतो. बराकीतल्या उद्योजकाला ती सोय नाही. शिवाय खासगी कंपनीला किमान दोन संचालक लागतात, म्हणून दुसरे नाव अनेकदा पत्नीचे किंवा आईचे. तिने कधी धनकोचे तोंडही पाहिलेले नसते; पत्ता मात्र तिचाही उघड.

ही भीती काल्पनिक नाही. ब्रिटनमध्ये प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या हंटिंग्डन लाइफ सायन्सेस या संस्थेच्या व्यवस्थापकीय संचालकावर फेब्रुवारी २००१ मध्ये त्याच्या घरासमोर हल्ला झाला. दुसऱ्या वर्षी धोक्यात असलेल्या संचालकांना पत्ता झाकण्याची मुभा मिळाली. १ ऑक्टोबर २००९ पासून ती सर्वांनाच लागू झाली. जनतेला दिसतो तो पत्रव्यवहाराचा पत्ता, आणि घरचा पत्ता निबंधकाजवळ बंद. धनकोची बाजूही तिथे विसरली गेली नाही. त्या पत्त्यावरील पत्रांना उत्तर मिळेनासे झाले, तर निबंधक घरचा पत्ता खुला करू शकतो. फसवणाऱ्याला लपू न देता बाकीच्यांना झाकण्याचा याहून नेटका मार्ग अजून तरी दिसलेला नाही.

भारतातील पावले तुकड्यातुकड्यांनी पडली. २०१३ च्या कायद्याने कंपनीतील वही भागधारकांपुरती राखली. निबंधकाकडील कागद मात्र कलम ३९९ ने सर्वांना खुले ठेवले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. ऑगस्ट २०२२ मध्ये कंपनीच्या सभासद-नोंदवहीतील पत्ते, ईमेल व पॅन क्रमांक तपासणीतून वगळले गेले. भागधारक असा झाकला गेला. निबंधकाकडील संचालकाच्या पत्त्याला त्या दुरुस्तीने हात लावला नाही.

२०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा तरी संचालकाच्या मदतीला येईल, असे वाटू शकते. पण त्याच्या कलम ३ नुसार, एखाद्या कायद्याच्या बंधनामुळे जाहीर केली गेलेली माहिती त्याच्या कक्षेबाहेर राहते.