पगार आणि इमान

सेनापती राज्याच्या रक्षणासाठी लढतो की स्वतःच्या दौलतीसाठी? हा प्रश्न खुद्द सेनापतीला विचारला तर उत्तर ठरलेले असते. म्हणून तो इतिहासाला विचारावा. मराठ्यांच्या पदरी असलेल्या दोन सेनापतींची हकिकत आज सांगतो. दोघेही पगारी, दोघेही कवायती पलटणींचे प्रमुख. एक इब्राहिमखान गारदी, दुसरा पेराँ नावाचा फ्रेंच.

मी इतिहासकार नव्हे. बी. ए.पर्यंत शिकलो, कविता लिहितो. शब्दांशी रोजचा संबंध असल्यामुळे ‘गारदी’ हा शब्द मला नेहमी थांबवतो. १७७३ साली शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला आणि पैशासाठी धन्याच्या जिवावर उठणारा तो गारदी, असा अर्थ मराठीत रुजला. त्या कटात महंमद इसफ होता, तसे सुमेरसिंग, खरकसिंग आणि तुळाजी पवारही होते. नावावरून माणसाचे इमान मोजणाऱ्यांनी ही यादी एकदा सावकाश वाचावी.

पण त्याआधी बारा वर्षे, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपतावर दुसरेच घडले होते. इब्राहिमखान पूर्वी निजामाकडे होता. भाऊसाहेबांकडे आल्यावर आपल्या लोकांचा पगार वेळेवर मिळावा म्हणून तो सतत तगादा लावी. भाऊंना ते रुचत नसे. लढाईच्या सकाळी तो भाऊंना भेटला. हा पगार आम्ही फुकट घेतला नाही हे आज दिसेल, अशा अर्थाचे काही तो बोलला, असे शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने लिहून ठेवले आहे. त्या दिवशी गारद्यांनी रोहिल्यांची फळी मोडली आणि त्यात त्यांचीही दाणादाण उडाली. खान जखमी होऊन पकडला गेला, कैदेतच संपला. पगार मागणारा माणूस बेइमान असतोच असे नाही, हे पानिपताने दाखवले.

आता पेराँ. फ्रेंच जहाजावरचा हा खलाशी हिंदुस्थानात आला आणि नशीब काढले. महादजी शिंद्यांसाठी द बॉयन्याने उभारलेल्या कवायती फौजेत तो चढत गेला. महादजी १७९४ साली वानवडीला वारले, द बॉयन्य पुढे मायदेशी गेला आणि उत्तरेतली सगळी फौज पेराँच्या हाती आली. फौजेच्या खर्चासाठी दुआबातला सुपीक मुलूख जायदाद म्हणून तोडून दिलेला होता. महसूल तोच वसूल करी, शिपायांचा पगार तोच वाटी, हिशेबही त्याचाच. दौलतराव दक्षिणेत होते आणि अलीगढला पेराँ एखाद्या राजासारखा राहत होता.

ऑगस्ट १८०३ मध्ये जनरल लेकची फौज अलीगढवर चालून आली. पेराँने किरकोळ प्रतिकार केला आणि माघार घेतली. ४ सप्टेंबरला किल्ला पडला. दोन-चार दिवसांतच त्याने शिंद्यांची चाकरी सोडली आणि इंग्रजांच्या संरक्षणात, मालमत्तेसह, लखनौचा रस्ता धरला. पुढे फ्रान्समध्ये सुखाने राहून तो १८३४ साली वारला. त्याची बाजूही सांगायला हवी. दरबारात त्याच्याविरुद्ध कारस्थाने चालली होती, त्याच्या जागी अंबाजी इंगळ्यांना नेमल्याची बातमी होती. पण धन्याशी पटत नव्हते म्हणून शत्रूच्या आश्रयाला जाताना मागे उरलेल्या हजारो शिपायांचे काय, हा हिशेब त्याने मांडला नाही. कंपनीने जाहीरनामा काढून शिंद्यांच्या युरोपीय अधिकाऱ्यांना बोलावले, तेव्हा इतरही अनेकजण निघून गेले.

मागे राहिलेले शिपाई मात्र लढले. आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंद्यांच्या गोलंदाजांनी तोफा सोडल्या नाहीत. काहीजण मेल्याचे सोंग घेऊन तोफांखाली पडून राहिले आणि इंग्रज पुढे जाताच उठून पाठीमागून मारा करू लागले. वेलस्लीचे दीड हजारांहून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले. १ नोव्हेंबरला अलवरजवळ लासवारीला तेच. इतकी बिकट लढाई आयुष्यात पाहिली नाही, यांना फ्रेंच अधिकारी असते तर निकालाची खात्री नव्हती, असे खुद्द लेकने गव्हर्नर जनरलला कळवले. शिपाई पुरे पडले, सेनापती पुरा पडला नाही.

मग दोघांत फरक कशाचा? पगार दोघेही घेत होते. इब्राहिमखान पगार मागत होता तो आपल्या माणसांसाठी, आणि मरणही त्यांच्याबरोबर पत्करले. पेराँची दौलत त्याच्या शिपायांच्या नशिबापासून वेगळी झाली होती. फौज बुडाली तरी तो तरणार होता. त्यात शिंदेशाहीचाही दोष आहे. तलवार, मुलूख आणि हिशेबाची वही एकाच माणसाच्या हाती देऊन ती निश्चिंत राहिली.

आज आपल्याकडे संरक्षणाच्या खर्चाला संसद मंजुरी देते आणि महालेखापरीक्षक तो तपासतात. कोणाला हा सैन्यावरचा अविश्वास वाटतो. मला त्यात सीमेवर उभ्या असलेल्या जवानाची कदर दिसते. सेनापतीला सलाम जरूर करावा, आणि त्याची वहीही उघडून पाहावी. असईच्या मातीत पडलेल्या त्या अनाम गोलंदाजांचे आपल्यावर एवढे देणे आहे.