संग्राह्य कागदी नोटा (हुबळी-धारवाड परिसर)

दर्शनी मूल्याहून जास्त दाम देऊन संग्राहक घेतात अशा नोटा. नुसत्या जुनेपणाला किंमत नसते. छापल्या किती, खजिन्यात परतल्या किती, सही कोणाची आणि घडी पडली आहे का, हे पाहिले जाते.

मंडळे : 1861 च्या कागदी चलन कायद्याने नोटा काढण्याचा अधिकार सरकारकडे गेला. नोट ज्या चलनमंडळाची (चलनविभागाची), तिथेच ती कायदेशीर असे. मोठ्या नोटेचे दोन तुकडे करून वेगवेगळ्या टपालाने धाडण्याची व्यापाऱ्यांची रीत होती. एकाच क्रमांकाचे दोन्ही अर्ध जुळले की संग्राहक हरखतो. शंभराची नोट 1911 मध्ये देशभर ग्राह्य झाली.

पहिल्या महायुद्धात चांदी आटली, तेव्हा 1918 मध्ये अडीच रुपयांची (2 रुपये 8 आणे) नोट निघाली. पंचम जॉर्जचे चित्र, सरकारी अधिकारी गबे यांची सही, आणि मागे आठ देशी लिपींत मूल्य. त्यांत कानडीही आहे. मंडळाचे आद्याक्षर क्रमांकाला जोडलेले असे. धारवाड 1956 पर्यंत मुंबईच्या अंमलाखाली असल्याने इथल्या संग्रहात मुंबईचे ‘बी’ अक्षर असलेली नोट विशेष शोभते. 1926 च्या आरंभी ही नोट मागे घेतली गेली. अल्प आयुष्य हेच तिच्या दुर्मिळतेचे कारण.

शेजारच्या निजामी मुलखातील उस्मानिया नोटांवर मराठी व कानडी दोन्ही आढळतात. 1922 मध्ये बुडालेल्या ‘इजिप्त’ जहाजातून पुढे काढलेल्या हैदराबादी नोटा हा वेगळाच प्रकार.

सह्या : भा. ना. अडारकर 1970 मध्ये अवघे 42 दिवस रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते. गांधी जन्मशताब्दी मालिकेतील त्यांच्या सहीच्या नोटांना म्हणूनच मागणी.

तारांकित नोटा : 2006 पासून. छपाईत बाद झालेल्या नोटेच्या जागी घातलेल्या.

786 क्रमांकाच्या नोटांना भाव मिळतो. तो श्रद्धेचा, नाणकशास्त्राचा नव्हे.

स्थिती : टाचणीचे भोक, पाण्याचा डाग, इस्त्री केलेली घडी, सगळ्यांनी किंमत उतरते. गड्ड्या पिनेने टाचण्याची बँकांतील पद्धत 2001 नंतर थांबवण्यात आली. त्यापूर्वीच्या कोऱ्या नोटेलाही भोके असतात, त्यामुळे बिनभोकाचीला वेगळा मान.

कायदा : 2016 मध्ये रद्द झालेल्या पाचशे-हजाराच्या नोटा एरवी दहापर्यंत, अभ्यास वा नाणकसंग्रहासाठी पंचवीसपर्यंत बाळगता येतात (2017 चा कायदा).

संग्रहालय : भारतीय कागदी नोटांचे संग्रहालय बंगळूरला 2020 मध्ये सुरू झाले.

किमती : प्रतवारी व लिलावागणिक बदलत्या, इथे दिलेल्या नाहीत.