हॉलिवूडचे बडे स्टुडिओ: कुठला सिनेमा आपल्यापर्यंत पोहोचणार, हे कोण ठरवतं?

‘स्टुडिओ’ म्हटलं की सेट, लाइट आणि कॅमेरा डोळ्यांसमोर येतो. पण डिस्ने, वॉर्नर ब्रदर्स, युनिव्हर्सल, सोनी आणि पॅरामाउंट या हॉलिवूडच्या बड्या स्टुडिओंची खरी ताकद चित्रीकरणात नाही, वितरणात आहे. म्हणजे तयार सिनेमा कुठे, कधी, किती पडद्यांवर आणि कुठल्या अटीवर लागणार, हे ठरवण्यात. चांगला सिनेमा छोटा निर्मातासुद्धा बनवतो. तो जगभरातल्या हजारो पडद्यांवर एकाच आठवड्यात लावणं मात्र मूठभरांनाच जमतं.

ही खेळी जुनी आहे. १९३० आणि ४० च्या दशकांत एमजीएम, पॅरामाउंट, वॉर्नर, ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स आणि आरकेओ या पाच कंपन्यांकडे सगळंच होतं: करारात बांधलेले नट, वितरण आणि स्वतःची थिएटरं. बाहेरच्या थिएटरवाल्याला मोठ्या स्टारचा सिनेमा हवा असेल तर सोबत ढीगभर सुमार सिनेमेही घ्यावे लागत, तेही बरेचदा न बघता. याला ‘ब्लॉक बुकिंग’ म्हणत. किराणा दुकानदाराला खपणाऱ्या साबणासोबत न खपणारी पावडरही गळ्यात मारावी, तसाच हा प्रकार. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला बेकायदा ठरवलं आणि पुढे स्टुडिओंना आपली थिएटरं वेगळी करावी लागली. त्यानंतर झालेले निर्बंध २०२० मध्ये अमेरिकेतल्याच एका न्यायालयाने उठवले. काळ बदलला, आता त्यांची गरज नाही, असं कारण दिलं गेलं.

गरज खरंच नाही का? डिस्नेने २००६ मध्ये पिक्सार, २००९ मध्ये मार्व्हल, २०१२ मध्ये लुकासफिल्म आणि २०१९ मध्ये फॉक्सचा मोठा भाग विकत घेतला. शेवटचा सौदा तब्बल ७१ अब्ज डॉलरचा होता. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या तिकीटविक्रीचा साधारण एक तृतीयांश वाटा एकट्या डिस्नेकडे होता. २०१७ च्या ‘स्टार वॉर्स: द लास्ट जेडाय’साठी डिस्नेने अमेरिकी थिएटरांकडे तिकिटाचे ६५ टक्के मागितले आणि चार आठवडे सगळ्यात मोठ्या पडद्यावर हाच सिनेमा ठेवायची अट घातली, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. एकच पडदा असलेल्या गावातल्या थिएटरने काय करावं? महिनाभर दुसरं काही लावायचं नाही, किंवा ‘स्टार वॉर्स’वर पाणी सोडायचं.

कमाई जगभरातून येते, त्यामुळे कथाही बदलतात. २००९ च्या ‘अवतार’ची जवळपास तीन चतुर्थांश कमाई अमेरिकेबाहेरून आली होती. एवढा पैसा बाहेरून येणार असेल, तर बाहेरच्या बाजारपेठेला दुखवून चालत नाही. २०१२ च्या ‘रेड डॉन’मध्ये अमेरिकेवर चढाई करणारं सैन्य आधी चिनी होतं. चित्रीकरण संपल्यावर झेंडे आणि खुणा संगणकावर बदलून ते उत्तर कोरियाचं करण्यात आलं. कारण साधं होतं, चीनचा बाजार.

टीव्हीवरही हेच चालतं. ‘फ्रेंड्स’ अमेरिकेत नेटफ्लिक्सवर धो धो बघितली जात होती. पण मालिका वॉर्नरची. २०२० मध्ये वॉर्नरने स्वतःचं एचबीओ मॅक्स सुरू केलं आणि मालिका तिकडे नेली. प्रेक्षकाने सबस्क्रिप्शन बदलावं!

सगळ्यात बोलकं उदाहरण ‘बॅटगर्ल’चं. चित्रीकरण झालेला, सुमारे ९ कोटी डॉलर खर्चाचा हा सिनेमा वॉर्नरने ऑगस्ट २०२२ मध्ये कायमचा बासनात गुंडाळला. ना थिएटर, ना ओटीटी. नटांची आणि दिग्दर्शकांची मेहनत कोणी बघणार की नाही, हा निर्णय त्यांच्या हातात नव्हताच.

हे सगळं अमेरिकेतलं, आपला काय संबंध, असं वाटू शकतं. पण फॉक्सच्या त्या सौद्यात स्टार इंडियाही होतं आणि त्यासोबत ‘स्टार प्रवाह’ही. म्हणजे २०१९ पासून मराठी घरांत रोज संध्याकाळी लागणारी ही वाहिनी डिस्नेच्या मालकीची झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये हा व्यवसाय आणि रिलायन्सच्या व्हायाकॉम १८ चा व्यवसाय एकत्र येऊन ‘जिओस्टार’ बनला. त्यात बहुसंख्य हिस्सा रिलायन्सच्या बाजूला असला, तरी डिस्नेकडे सुमारे ३७ टक्के राहिला.