पाच वर्षांचा दुरावा

१० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ही एका कवीच्या धर्मांतराची तारीख. ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचताना मात्र मला ती लक्ष्मीबाईंचा विश्वास मोडल्याची तारीख वाटली. अकराव्या वर्षी लग्न झालेली ही बाई. पदरी लहानगा दत्तू. नवऱ्याने धर्म बदलला तो तिला न विचारता. टिळकांसाठी तो सदसद्विवेकाचा कौल होता. बाईंचा मात्र नवरा जिवंत असताना संसार उठला. त्या आप्तांच्या आश्रयाने राहिल्या. काही काळ पंढरपुरात बहिणीकडे काढला.

१९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ‘पतिव्रता पतीमागून गेली’ असा याचा अर्थ सहज लावला जातो. मला तो पटत नाही. पतीमागूनच जायचे असते, तर पाच वर्षे कशाला लागली असती? टिळकांजवळ नगरला येऊन राहिल्यावरही त्यांनी आपले सोवळे सोडले नव्हते.

हे सोवळे त्यांच्या हाडीमासी खिळलेले होते. वडिलांचे सोवळे इतके कडक, की त्यापायी सारे घर जाचले होते. अशा घरात वाढलेल्या बाईला एके दिवशी प्रश्न पडला: जाती देवाने केल्या की माणसांनी? माणसांनी, हे उत्तर मिळाल्यावर त्यांनी आधी शिवाशिव टाकली आणि धर्म त्यानंतर बदलला. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. टिळकांच्या उपदेशाने जे झाले नाही, ते बाईंच्या स्वतःच्या विचाराने झाले.

ही श्रद्धा उसनी नव्हती, याचा पुरावा टिळकांच्या पश्चात मिळतो. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले. ज्यांच्यामागून बाई गेल्या असे म्हणतात, तेच उरले नाहीत. तरी त्यांची श्रद्धा टिकली. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य, शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंनी पूर्ण केले.

१९३४ साली ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग आला. त्यात टिळकांनी दिलेले दुःख झाकलेले नाही आणि त्यांच्यावरची मायाही आटलेली नाही. श्रद्धेने बाईंची जखम पुसली असे मी म्हणणार नाही. ती जखम हसत सांगण्याचे बळ मात्र त्यांना तिथेच मिळाले, असे मला वाटते.