शिकारी कुत्र्यामागचा घोडा

लढाईचा घोडा कसा असावा, मिरवणुकीचा कसा असावा, यांविषयीं आपल्याकडे पुष्कळ लिहिलें गेलें आहे. शालिहोत्राच्या नांवावर चालणारे ग्रंथ तर किती आहेत याची गणती नको. परंतु शिकारी कुत्र्याच्या मागें चालावयाचा घोडा कसा पारखावा, हा प्रश्न त्या मानानें उपेक्षितच राहिला. श्रोत्यांस तो किरकोळ वाटण्याचा संभव आहे. पण त्याच्या अनुषंगानें दख्खनच्या घोड्याची सगळी कथा सांगतां येते, म्हणून आज तो घेतला आहे.

आमचें देगलूर तेलंगण व कर्नाटक यांच्या सीमेलगत आहे. गांवापासून जवळच होट्टल येथें चालुक्यकाळांतील देवळें आहेत. तीं ज्या राजवटींत उभीं राहिलीं तिची राजधानी कल्याणी, म्हणजे आजचें बसवकल्याण. तेथील राजा तिसरा सोमेश्वर, ज्यास भूलोकमल्ल अशी पदवी होती, त्यानें ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' नांवाचा प्रचंड ग्रंथ रचला. प्रत्येकीं वीस अध्यायांच्या पांच विंशति, असे त्याचे शंभर अध्याय. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत श्रीगोंदेकरांनीं त्याचा पहिला खंड १९२५ सालीं प्रसिद्ध केला. या ग्रंथांत घोड्यांचा, कुत्र्यांचा, ससाण्यांचा आणि मृगयेचा, प्रत्येकाचा विनोद स्वतंत्र सांगितला आहे. विनोद म्हणजे राजाची करमणूक. घोड्याची लक्षणें, त्याचे रंग, अंगावरील भोवरे, त्यास द्यावयाचें शिक्षण, सर्व कांहीं तेथें आहे. तथापि घोडा व कुत्रें हीं दोन्ही एकाच रानांत, एकाच कामावर असतां त्यांचा मेळ कसा घालावा, हें अशा ग्रंथांतून फारसें हातीं लागत नाहीं. तें शास्त्र पागेंतल्या मोतद्दाराकडेच राहिलें असावें.

मेळ घालण्यापूर्वीं कुत्र्याची जात पाहिली पाहिजे. आपल्याकडचीं नामांकित शिकारी कुत्रीं म्हणजे मुधोळचीं. तेथील राजे मालोजीराव घोरपडे यांनीं त्यांची जोपासना केली. लातूर जिल्ह्यांतहि कारवान व पश्मी कुत्रीं हौसेनें पाळतात. हीं सारीं नजरेनें शिकार करणारीं. ससा दिसला कीं बाणासारखीं सुटतात, आणि कांहीं क्षणांत सारा खेळ आटोपतो. त्यांच्या मागें जाणारा घोडा चौखूर उधळणारा, दमदार आणि खांचखळग्यांतून सांवरणारा हवा. विलायतेंतील पक्ष्यांच्या शिकारीचें कुत्रें अगदीं निराळें. तें वास घेत घेत रान धुंडाळतें आणि तित्तर किंवा लावा दबा धरून बसला असेल तेथें, एक पाय उचलून व नाक पुढें करून, खांबासारखें उभें राहतें. अशा कुत्र्यांच्या मैदानी परीक्षा इंग्लंडांत १८६५ सालीं बेडफर्डशायरमध्यें सुरू झाल्या. तेथें माणसें पायींच चालत. अमेरिकेंत १८७४ पासून त्या भरूं लागल्या, आणि तेथील विस्तीर्ण रानांत परीक्षक व कुत्र्याचा शिक्षक हे दोघेहि घोड्यावर बसूं लागले. तेथील राष्ट्रीय स्पर्धेंत एका जोडीची फेरी तीन तासांची असते.

तीन तास दुडकी चालणाऱ्या घोड्यावर बसून पाहावें, म्हणजे चालीची किंमत कळते! दुडकी चाल घोड्यास सोयीची, पण स्वाराची कंबर खिळखिळी करणारी. कदम चाल सुखाची, पण कुत्रें दृष्टीआड होतें. या दोहोंच्या मधली, वेगवान आणि तरीहि अंग न हलविणारी चाल पाहिजे. टेनेसी प्रांतांतील शेतकऱ्यांनीं अशा चालीचा घोडा पैदा केला आणि १९३५ सालीं त्या जातीची नोंदणीसंस्था काढली. त्याचा मागला पाय पुढल्या पावलाच्या ठशावरून पुढें पडतो आणि स्वार पाळण्यांत बसल्यासारखा जातो. आपल्याकडे रहवाल म्हणतात ती चालहि याच सुखासाठीं नांवाजलेली. अमरकोशांत घोड्याच्या पांच गती सांगितल्या आहेत. अर्थात् चालींचा भेद पूर्वजांस ठाऊक नव्हता असें कोणी म्हणूं नये.

चालीच्या खालोखाल स्वभाव. कुत्रें पायांत घोटाळलें तरी लाथ न झाडणारा, बार झाला तरी न बुजणारा, आणि लगाम जमिनीवर सोडून स्वार उतरला तर तेथेंच उभा राहणारा घोडा लाखांत एक. उंचीचा मात्र हव्यास नको. अशा कामांत दहा वेळां उतरावें व चढावें लागतें. उंच घोड्यावर चढतां चढतां पक्षी उडून जातो.

आणि नेमक्या याच गुणांचें जनावर आपल्या घरीं होतें. भीमेच्या कांठचें भीमथडी तट्टू चार इंचांची एक मूठ धरल्यास तेरा मुठींच्या आसपास भरतें. काटक, अल्पसंतुष्ट, खुराचें कठीण. मराठ्यांच्या फौजा यांवरच दूरदूर गेल्या. १८१८ नंतर त्या फौजा मोडल्या आणि मागणी आटली. पुढें इंग्रजांच्या पलटणींस उंच घोडा हवा झाला. ऑस्ट्रेलियांतून वेलर घोडे जहाजांनीं येऊं लागले. निजामी मुलखांत हिंगोलीस कंटिंजंट फौजेची छावणी होती. त्या रिसाल्यांत शिलेदारी पद्धत असे, म्हणजे घोडा स्वाराचा स्वतःचा. घोडा मेला कीं त्याची रोजीच धोक्यांत. अशा माणसानें घोडा निवडतांना किती डोळ्यांत तेल घातलें असेल याची कल्पना करावी. १९०३ सालीं ही फौज हिंदी सैन्यांत विलीन झाली, आणि मराठवाड्यांतील घोड्याचें आणखी एक गिऱ्हाईक गेलें.

दुसरें नुकसान आपलें आपणच करून घेतलें. देवमण आहे काय, गोम कोठें आहे, पंचकल्याणी आहे काय, या चौकशींत खरेदीदाराचा अर्धा दिवस जाई. मी भोवऱ्यांची थट्टा करीत नाहीं. मानसोल्लासकाराइतक्या थोर पुरुषानें ते गणले आहेत. पण गोमेमुळें उत्तम चालीचा घोडा परत जावा आणि देवमणीसाठीं फुटक्या खुराचा घरीं यावा, हा व्यवहार मला कधींहि पटला नाहीं. भोवरा केसांत असतो, चाल सांध्यांत.

आतां शिकारीचा प्रश्नच उरलेला नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें तिला आळा बसला आणि १९९१ च्या दुरुस्तीनें परवान्याची वाटहि बंद झाली. तें योग्यच झालें. घोडे मात्र अजून विकले जातात. मुखेड, कंधारवरून गेलें म्हणजे लोहा तालुक्यांतील माळेगांव लागतें. तेथें मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीपासून खंडोबाची यात्रा भरते, आणि तिच्यांतील घोड्यांचा बाजार प्रसिद्ध आहे. भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंदणीहि २०२३ च्या सुमारास झाली. माळेगांवास जाणाऱ्या श्रोत्यानें जनावर पसंत पडल्यास विकणाऱ्याकडून तें पळवून घेऊं नये. त्यास सावकाश चालवावयास सांगावें, स्वतः मागें उभें राहून मागलें पाऊल पुढल्या ठशाच्या कोठें पडतें तें पाहावें, आणि मग एखादें भटकें कुत्रें जवळून जाईपर्यंत थांबावें.